देवघेव

(दृश्य: टेबलावर नव्या पुस्तकांचा गठ्ठा, दाखल रजिस्टर, शिक्का)

नवी पुस्तकं आली की आधी दाखल रजिस्टर. दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत, बिलाचा तपशील. मग शिक्का. पहिल्या पानावर एक आणि आत एका ठरलेल्या पानावर एक. ते आतलं पान कोणतं, हे ज्या त्या वाचनालयाचं गुपित. पुस्तक हरवलं, मुखपृष्ठ फाटलं, सुरुवातीची पानं गेली, तरी त्या शिक्क्यावरून ते आपल्या घरी परत येतं. शेवटी पाठीवर वर्गांकाची, म्हणजे विषयानुसार दिलेल्या क्रमांकाची चिठ्ठी. आपल्या आजोबांच्या काळातही हे असंच चालायचं.

यापुढची पायरी मात्र नवी आहे. ग्रंथपाल मॅडम पुस्तक घेऊन खिडकीपाशी येतात आणि मोबाईलवर मुखपृष्ठाचा फोटो काढतात. प्लॅस्टिकचं कव्हर घालायच्या आधीच, कारण एकदा कव्हर चढलं की ट्यूबलाइट त्यावर चमकते आणि नाव वाचता येत नाही. फोटोखाली चार ओळी. पुस्तक कशाबद्दल आहे, कुणाला आवडेल, आत्ता कपाटात आहे की बाहेर गेलंय. या चार ओळींसाठी त्यांना निदान पहिलं प्रकरण वाचावं लागतं, आणि त्या ते वाचतात.

(दृश्य: मोबाईलचा पडदा, संदेश जातो, निळ्या खुणा उमटतात)

दुपारपर्यंत उत्तरं यायला लागतात. ‘माझ्यासाठी ठेवा.’ ‘याच लेखिकेचं आधीचं आहे का?’ एका आजोबांना टाइप करायला जमत नाही, ते बोलूनच पाठवतात: ‘मॅडम, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. नातवाला धाडतो, त्याच्याकडे दोन पुस्तकं द्या. मागच्या खेपेसारखी जाडजूड नकोत, पडून वाचताना हात भरून येतात.’ दोन पातळ पुस्तकं बाजूला निघतात, वर नावाची चिठ्ठी लागते.

एका तालुक्याच्या गावचं हे सार्वजनिक वाचनालय. महाराष्ट्रात अशी शासनमान्य वाचनालयं १० हजारांहून जास्त आहेत. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली त्यांना मान्यता मिळते. अ, ब, क, ड असा वर्ग ठरतो आणि वर्गाप्रमाणे अनुदान. पुस्तकं किती, सभासद किती, वर्तमानपत्रं आणि मासिकं किती, हे सगळं तपासणीत मोजलं जातं. आजोबांच्या त्या निरोपाला उत्तर दिलं की नाही, यासाठी मात्र कुठल्या तक्त्यात रकाना नाही. ज्या ग्रंथपालांनी हे काम अंगावर घेतलंय, त्यांनी ते आपल्या हिमतीवर घेतलंय.

(दृश्य: मॅडम मोबाईलवर यादी दाखवतात)

आधी त्यांनी सगळ्या सभासदांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला होता. ग्रुप म्हटलं की पहाटेचे सुविचार आले, फुलं आली, उमेदवारांचे प्रचार आले. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसू लागला, आणि महिला सभासदांना अनोळखी फोन यायला लागले. मग ग्रुप बंद करून ब्रॉडकास्ट यादी केली. यादीतून संदेश एकेकट्याला जातो, उत्तरही फक्त वाचनालयालाच येतं, कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही. एका यादीत २५६ जण बसतात. त्याहून जास्त असले की दुसरी यादी. अडचण एकच: ज्याच्या मोबाईलमध्ये वाचनालयाचा नंबर सेव्ह नाही, त्याला हा संदेश पोचतच नाही. म्हणून आता नवा सभासद अनामत भरायला आला की पावती फाडायच्या आधी, तिथंच देवघेवीच्या खिडकीपाशी, त्याच्याकडून नंबर सेव्ह करून घेतला जातो.

यादीसुद्धा सरसकट एक नाही. बालविभागाच्या पालकांची वेगळी, स्पर्धा परीक्षेच्या मुलांची वेगळी, दिवाळी अंक योजनेची वेगळी. परीक्षेच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाला पाककृतीच्या पुस्तकाचा फोटो पाठवला तर तो दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक करतो. आणि दिवसाला एकच पुस्तक. चाळीस पुस्तकांची यादी फळ्यावर लावायला ठीक आहे; मोबाईलवर ती कुणी उघडत नाही.

(दृश्य: जुनी छायाचित्रं, बडोदा)

वाचक आला नाही तर वाचनालयानं त्याच्याकडे जावं, ही कल्पना मोबाईलबरोबर आलेली नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बोलावून संस्थानभर वाचनालयांचं जाळं उभं करायला घेतलं. त्यात एक विभाग फिरत्या वाचनालयांचा होता. मजबूत लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून त्या गावोगाव रवाना व्हायच्या. तिथला कुणी शिक्षक किंवा जाणता माणूस पेटी सांभाळायचा, पुस्तकं वाचून झाली की पेटी परत आणि तिच्या जागी दुसरी. ज्यांना अक्षरओळखच नव्हती, त्यांच्यासाठीही याच ग्रंथालय खात्याचा एक विभाग होता. तो गावात जाऊन पडद्यावर चित्रं दाखवायचा. ग्रंथालयानं चित्रपट दाखवायचा, तोही शंभरेक वर्षांपूर्वी! त्या काळी जे सगळ्यात नवं साधन हाताशी होतं ते बडोद्याच्या ग्रंथालयांनी वापरलं. आज आपल्या हाताशी असलेलं साधन तर प्रत्येक वाचकाच्या खिशातच आहे.

पण पेटी एका बाजूनं जायची. वाचकाला काय ठाऊक आहे हे पेटीतून परत येत नव्हतं. ते परत येऊ शकतं, हे ज्या प्रयोगानं दाखवलं तो जरा सविस्तर पाहण्यासारखा आहे.

(दृश्य: रंगीत छायाचित्र. विमानाच्या सांगाड्याशी हातातलं ड्रिल चालवणारी कामगार स्त्री)

हे छायाचित्र १९४३ सालचं, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलचं. लाल रुमाल बांधलेली ही बाई ‘व्हेंजन्स’ नावाच्या बॉम्बफेकी विमानावर काम करते आहे. याच जातीची विमानं पुढं ब्रह्मदेशच्या आघाडीवर आपल्या हवाई दलाच्या तुकड्यांनीही उडवली. हे चित्र वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. तिथल्या संग्रहात अशी लाखो छायाचित्रं. संकेतस्थळावर ठेवलेली, पण तिथपर्यंत जाणार कोण? ज्याला नेमकं काय शोधायचं ते आधीच माहीत आहे, तोच.

१६ जानेवारी २००८ रोजी ग्रंथालयानं यातली सुमारे ३ हजार छायाचित्रं फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर ठेवली. लोक जिथं आपापल्या सहलींचे, लग्नांचे फोटो टाकत होते, तिथंच. आणि वाचकांना सांगितलं: पाहा, खुणेचे शब्द (टॅग) लिहा, काही ठाऊक असेल तर सांगा.

(दृश्य: बेन वृत्तसंस्थेची कृष्णधवल छायाचित्रं, एकामागून एक)

ही दुसरी मालिका पाहा. १९१०च्या आसपासची, बेन या न्यूयॉर्कच्या वृत्तसंस्थेची. काचेच्या निगेटिव्ह. काचेच्या कडेला कुणीतरी घाईघाईत खरडलेलं एखादं आडनाव, कधी एखादी तारीख, बस्स. ग्रंथालयाकडे एवढीच माहिती होती. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या बातमीतला माणूस, त्याचं नुसतं आडनाव. यावरून कोण काय ओळखणार?

लोकांनी ओळखलं. कुणी त्या तारखेचं जुनं वर्तमानपत्र काढलं, बातमी सापडली, दुवा जोडला. कुणी इमारतीवरून रस्ता सांगितला. कुणी बोटीची बांधणी पाहून बोटीचं नाव सांगितलं आणि दुसऱ्यानं लगेच ते खोडून पुरावा दिला. ग्रंथालयाचे कर्मचारी हे सगळं वाचत होते. पटलं म्हणून लगेच स्वीकारत नव्हते. स्वतः पडताळायचे, खात्री झाली की आपल्या मूळ तालिकेतली नोंद दुरुस्त करायचे आणि तिथं आधार म्हणून या प्रकल्पाचंच नाव लिहायचे: फ्लिकर कॉमन्स प्रकल्प, २००८. ही ओळ मला फार मोलाची वाटते. जगातल्या सगळ्यात मोठ्या ग्रंथालयांपैकी एकानं आपल्या अधिकृत नोंदीत, हे आम्हाला वाचकांनी सांगितलं, असं छापून ठेवलं.

ऑक्टोबर २००८ पर्यंत छायाचित्रं ४,६१५ झाली होती. ती १ कोटीहून अधिक वेळा पाहिली गेली होती, ७ हजारांवर अभिप्राय आले होते आणि ५०० हून अधिक नोंदी सुधारल्या होत्या. आपल्याकडे फेसबुकचं पान काढू म्हटलं की कार्यकारिणीत पहिला प्रश्न येतो, लोकांनी वाटेल ते लिहिलं तर? या प्रकल्पात अयोग्य म्हणून काढून टाकावा लागलेला मजकूर पंचवीस वेळांपेक्षाही कमी होता.

(दृश्य: जुन्या कपाटातली फोटोंची चौकट, मागची बाजू)

आता पुन्हा आपल्या वाचनालयात. ही चौकट कपाटामागे भिंतीला टेकवून ठेवलेली होती. पगड्या, टोप्या, पुढच्या रांगेत सतरंजीवर बसलेली मुलं. मागं शाईनं फक्त ‘व्याख्यानमाला’ एवढंच. साल नाही, नावं नाहीत. मॅडमनी चौकट उजेडात ठेवून फोटो घेतला, वाचनालयाच्या फेसबुक पानावर टाकला. मजकूर नीट पाहा. ‘आमचा वैभवशाली वारसा’ वगैरे काही नाही. लिहिलंय: ‘यातलं कुणी तुमच्या घरातलं आहे का?’

डावीकडून तिसरे आपले पणजोबा, असं पुण्याहून एकानं कळवलं. त्याच माणसाबद्दल दुसऱ्यानं गावातूनच लिहिलं की हे तर शाळेचे जुने हेडमास्तर. इथं खरं काम सुरू होतं.

(दृश्य: इतिवृत्ताच्या वह्या, मोडी आणि बाळबोध हस्ताक्षर, बोट ओळीवरून फिरतं)

कार्यवाहांनी इतिवृत्ताच्या जुन्या वह्या बाहेर काढल्या. कोणत्या सालच्या व्याख्यानमालेला अध्यक्ष कोण होते, वक्ते कोण, आभार कुणी मानले, सतरंज्यांचं भाडं किती. वर्गणीच्या रजिस्टरात सभासदांची नावं. दोन्ही ताडून पाहिल्यावर साल निश्चित झालं, पाच माणसं निश्चित झाली. डावीकडून तिसरे अजून वादात आहेत, त्यांच्यापुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह आहे. नावं चौकटीच्या मागं कागद चिकटवून लिहिली आणि छायाचित्रांच्या नोंदवहीतही उतरवली. फेसबुकवरचा अभिप्राय फेसबुकवरच राहू देणं धोक्याचं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गूगल प्लस २०१९ मध्ये; तिथल्या गटांत लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलेलं आज तिथं नाही. समाजमाध्यम ही भाड्याची जागा आहे. कपाट आपल्याच घरात हवं.

(दृश्य: स्कॅनर, पिवळं पडलेलं पान, संगणकाचा पडदा)

या कोपऱ्यात दोन कॉलेजची मुलं बसलीत ती एक जुनं पुस्तक स्कॅन करताहेत. कायदा त्यांना पाठ आहे: लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं उलटली की साहित्य स्वामित्वहक्कातून मोकळं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं झालं. अशी पुस्तकं मराठी विकिस्रोतावर, म्हणजे मोकळ्या झालेल्या पुस्तकांच्या खुल्या ऑनलाइन ग्रंथालयावर, चढवता येतात. पान न् पान स्कॅन करायचं; यंत्र अक्षरं ओळखतं, पण छपाईचा जुना खिळा, तुटका रफार, पुसट अनुस्वार, इथं ते हमखास चुकतं. मग माणूस मूळ पान शेजारी ठेवून दुरुस्त करतो. एकानं तपासलं की पानाची खूण पिवळी, दुसऱ्यानं पुन्हा तपासलं की हिरवी. यातली एक मुलगी आपल्या मावशीला अमेरिकेत पानं तपासायला बसवते. मावशीचं मराठी वाचन सुटलं होतं.

आणि याच्या नेमकं उलट जे चालतं तेही सांगायला हवं. गेल्या वर्षी आलेल्या कादंबऱ्यांच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. ही चोरी आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती मुळात छोटी. त्यात वाचनालयंच जर फुकट पीडीएफ पुढं ढकलू लागली तर पुढचं पुस्तक छापणार कोण? सभासदानं पीडीएफ मागितली की मॅडम नम्रपणे नाही म्हणतात आणि पुस्तक कपाटात असल्याचं कळवतात.

(दृश्य: बालविभाग, मुलगी पुस्तकातलं पान मोठ्यानं वाचते, मॅडम चित्रीकरण करतात)

शनिवारी बालविभागात मुलं आपल्याला आवडलेल्या पानाबद्दल बोलतात. एका मिनिटाचा व्हिडिओ, आईवडिलांची परवानगी लेखी घेतलेली, नाव फक्त पहिलं. तो यादीवर जातो, आणि सोमवारी त्याच पुस्तकासाठी दुसरी मुलं येतात. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं एक: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. वर्षानुवर्षं बाहेर न गेलेली पुस्तकं इथं अशीच एकेक करून निघाली.

(दृश्य: देवघेवीची खिडकी, रांग)

सभासद वाढले, मुदतवाढ घरबसल्या मिळू लागली, गावाबाहेर राहणाऱ्यांनी देणग्या पाठवल्या.

मोबाईल अजून मॅडमचा स्वतःचाच आहे. रिचार्जही त्यांच्याच पगारातून, आणि तो पगार अनुदानाचे हप्ते येतील तसा होतो. रात्री दहालाही कुणीतरी पुस्तक आहे का म्हणून विचारतं, त्याच नंबरवर. वाचनालयाच्या नावानं वेगळं सिमकार्ड, एक साधा स्मार्टफोन आणि उत्तरं देण्यासाठी दिवसातला एक तास कामाच्या वेळेत धरावा, असा अर्ज त्यांनी दिला आहे. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत तो चौथ्या क्रमांकाचा विषय आहे. तिसरा विषय छताच्या गळतीचा.