टीम भाडेकरू, शहर घरमालक, आणि घाबरतो घरमालकच!

नमस्कार मंडळी.

2014 चा उन्हाळा. अमेरिकेतलं बफलो शहर. तिथल्या काही बारमध्ये एक नवा नियम लागला होता: इथे बॉन जोव्हीची गाणी वाजणार नाहीत. रेडिओवरही त्याच्यावर बहिष्कार पडला. एवढा मोठा रॉकस्टार, त्याने केलं तरी काय? गाण्यातून काही वावगं बोलला? नाही. तो त्यांची फुटबॉल टीम विकत घ्यायला निघाला होता.

आपल्याकडे एखादा स्टार टीम विकत घेणार म्हटलं की लोक फटाके लावतात. बफलोत त्याची गाणी बंद केली. का, तेच आज बघायचं आहे.

आधी एक खुलासा, नाहीतर खाली कमेंटमध्ये भांडणं होतील. हा फुटबॉल मेस्सीचा नाही. हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळतात, तो अमेरिकन फुटबॉल. त्यांची लीग म्हणजे एनएफएल. टीम 32. खालून वर कोणी येत नाही, वरून खाली कोणी जात नाही. दार बंद. म्हणजे एखाद्या गावाला टीम हवी असेल तर दोनच रस्ते: लीगने नवी टीम काढावी, किंवा दुसऱ्या गावाची उचलून आणावी.

(स्क्रीनवर नकाशा)

हे बफलो. न्यूयॉर्क राज्यातच, पण आपण ज्याला न्यूयॉर्क म्हणतो त्याच्यापासून पार दुसऱ्या टोकाला, ईरी सरोवराच्या काठावर. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण 2 लाख 78 हजार. आपल्या परभणीपेक्षाही कमी! 1950 मध्ये हीच संख्या 5 लाख 80 हजार होती. पोलादाचे कारखाने बंद पडत गेले, माणसं निघून गेली. गिरणगाव पाहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. बर्फ मात्र निघून गेला नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये शहराच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत सात-सात फूट बर्फ पडला आणि घरचा सामना उचलून डेट्रॉइटला न्यावा लागला.

आणि टीम कशी, बफलो बिल्स? 1991 ते 1994, सलग चार वर्षं सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात. चारही हरले. पहिला तर 20-19 असा, एका गुणाने. शेवटच्या क्षणी स्कॉट नॉरवूडने मारलेली 47 यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी शहरातल्या चौकात टीमच्या स्वागताला हजारो लोक जमले आणि त्यांनी काय करावं? नॉरवूडला पुढे बोलवा म्हणून घोषणा दिल्या. शिव्या घालायला नाही, टाळ्या वाजवायला. तो बोलायला उभा राहिला तेव्हा त्याचा गळा दाटून आला होता. मला हा खेळ नीट कळतही नव्हता तेव्हा मी ती क्लिप पाहिली, आणि हा व्हिडिओ करायचं डोक्यात तिथेच शिरलं.

तर अशा गावाची टीम जाईल अशी भीती का वाटावी?

टीमचा मालक होता राल्फ विल्सन. 1959 मध्ये त्याने फक्त 25 हजार डॉलर भरून ही टीम सुरू केली. गडी बफलोचा नव्हताच, डेट्रॉइटजवळ राहायचा. पण टीम त्याने हलवली नाही. मार्च 2014 मध्ये, वयाच्या 95 व्या वर्षी तो गेला, आणि टीम विक्रीला निघाली.

आता नकाशात जरा वर बघा. सीमेपलीकडे कॅनडातलं टोरंटो. अंतर जवळपास मुंबई-पुण्याएवढं. पण आसपासची वस्ती धरून साठ लाखांच्या घरात लोक, मोठ्या कंपन्या, मोठा पैसा. आणि पाणी आधीच मुरायला लागलं होतं. 2008 पासून बिल्स दरवर्षी घरचा एक सामना टोरंटोत खेळत होते. पहिल्या कराराचे 7 कोटी 80 लाख डॉलर मिळाले होते. बफलोवाल्यांना तो मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम वाटायचा. बॉन जोव्हीचे भागीदार कुठले होते, ओळखा. टोरंटोचे. त्याने स्थानिक वर्तमानपत्रात पत्र लिहून सांगितलं की आम्ही बफलोतच टीम यशस्वी करू. कोणाचा विश्वास बसला नाही.

इथे थोडं थांबून पैशाचं गणित समजून घेऊ, कारण खरी गोम त्यात आहे.

एनएफएलमध्ये टीव्हीचा पैसा 32 टीममध्ये समान वाटला जातो. न्यूयॉर्कच्या टीमला जेवढा, तेवढाच बफलोला. म्हणून तर एवढ्या लहान गावात टीम तग धरते. मग मालकाला गाव बदलायची हौस का? कारण स्टेडियमचा पैसा तसा वाटला जात नाही. श्रीमंतांचे काचेचे कक्ष, कंपन्यांनी घेतलेल्या महागड्या जागा, पार्किंग, स्टेडियमला दिलेल्या नावाचे पैसे, यातलं बहुतेक मालकाच्या खिशात. लहान गावात असे कक्ष घेणाऱ्या कंपन्या किती असणार?

पण स्टेडियम बहुतेक वेळा मालकाचं नसतंच. ते शहराचं, जिल्ह्याचं किंवा राज्याचं. टीम तिथे भाडेकरू. आता आपल्याकडचा भाडेकरू आठवा. अकरा महिन्यांचा करार, दोन महिन्यांचं डिपॉझिट, भिंतीला खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारायचं. आणि इथे? भाडेकरू म्हणतो, किचन जुनं झालंय, नवीन बांधून द्या, नाहीतर शेजारच्या सोसायटीत चाललो. आणि घरमालक कर्ज काढून किचन बांधतो!

शेजारची सोसायटी म्हणजे कोण? वीस वर्षं तिचं नाव होतं लॉस एंजेलिस. 1994 च्या हंगामानंतर तिथल्या दोन्ही टीम निघून गेल्या आणि 2016 पर्यंत एवढं मोठं शहर रिकामं. बाकीच्या मालकांच्या दृष्टीने ते रिकामं असणंच सोयीचं होतं. नवं स्टेडियम हवं असलं की फक्त म्हणायचं, लॉस एंजेलिसहून फोन आला होता. आला असेल, नसेलही. इकडे महापौरांची झोप उडाली पाहिजे, बस.

म्हणून माझं म्हणणं असं की टीम हलणार ही नुसती चर्चासुद्धा पैसे कमावते. चाहत्यांचं प्रेम जितकं जास्त तितकी धमकी महाग. ज्या गावाला टीम नकोच आहे त्याला घाबरवणार कसं?

मग प्रेमाने टीम थांबते का? दोन शहरांचे करारनामे शेजारी ठेवून बघा.

पहिलं सेंट लुइस. 1995 मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसची रॅम्स टीम आणली. लोकांच्या पैशातून बंदिस्त स्टेडियम बांधलं आणि टीम यावी म्हणून करारात एक कलम मान्य केलं: 2005 आणि 2015 मध्ये हे स्टेडियम लीगमधल्या सर्वोत्तम पाव हिश्श्यात असलंच पाहिजे, नाहीतर टीम मोकळी. विचार करा! दर वर्षी कुठे ना कुठे नवं स्टेडियम उभं राहतंय आणि तुम्ही लिहून देताय की वीस वर्षांनीही आमचंच भारी असेल. सही करणाऱ्याने हे वाचलं होतं का, असा प्रश्न मला अजून पडतो. पुढे शहराने डागडुजीची तयारी दाखवली, टीमने त्याच्या कितीतरी पट मागितलं, लवादाने टीमच्या बाजूने कौल दिला आणि करार वर्षावर्षाचा होऊन बसला. मालक स्टॅन क्रोंकी, इंग्लंडच्या आर्सेनल फुटबॉल क्लबचाही मालक, आपल्या आर्सेनलवाल्यांना हे नाव चांगलंच माहीत आहे. जानेवारी 2016 मध्ये मालकांच्या बैठकीत 30 विरुद्ध 2 मतांनी टीम लॉस एंजेलिसला परत गेली. सेंट लुइसने कोर्टात खेचलं आणि 2021 मध्ये 79 कोटी डॉलरवर तडजोड झाली. पैसे आले. टीम नाही आली.

दुसरं बफलो. विल्सन जिवंत असतानाच राज्य आणि ईरी काउंटी, काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं, यांनी टीमबरोबर दहा वर्षांचा नवा करार केला होता. स्टेडियमची दुरुस्ती सरकारने बरीचशी आपल्या खर्चाने करायची, पण टीम हलवली तर दंड 40 कोटी डॉलर. सुटकेची एकच फट, सातव्या वर्षानंतर 2 कोटी 84 लाख भरून बाहेर पडायचं. म्हणजे 2014 मध्ये टीम घेणाऱ्याला पुढची सहा वर्षं जागचं हलता येणार नव्हतं. आपल्या भाषेत लॉक-इन. बारमधल्या बहिष्काराने बातमी झाली, चाहत्यांनी सह्या गोळा केल्या, सगळं खरं. पण टोरंटोच्या लोकांचं गणित बिघडवलं ते या कलमाने. ज्या सरकारी वकिलाने ते लिहिलं त्याच्या नावाच्या घोषणा मात्र कोणी दिल्या नाहीत.

शेवटी बोली जिंकली टेरी आणि किम पेगुला या जोडप्याने. नैसर्गिक वायूच्या धंद्यातला पैसा, बफलोची आइस हॉकी टीम आधीच त्यांच्याकडे. किंमत 140 कोटी डॉलर. 25 हजारांचे 140 कोटी, ठाण्यात फ्लॅट घेऊन ठेवला म्हणून मिरवणाऱ्या काकांना हे दाखवा. हरलेल्यांत आणखी एक नाव होतं, डोनाल्ड ट्रम्प. हो, तेच.

म्हणजे गोष्ट संपली? छे. किचनचा विषय निघणारच होता. जुनं स्टेडियम 1973 चं. करार 2023 मध्ये संपणार. 2021 मध्ये बातम्यांत एक नवं शहर उगवलं, टेक्सासमधलं ऑस्टिन. आणि मार्च 2022 मध्ये सौदा जाहीर झाला. 140 कोटी डॉलरचं नवं स्टेडियम, त्यात राज्याचे 60 कोटी, काउंटीचे 25 कोटी. वाढीव खर्च टीमने सोसायचा, आणि तो भरपूर वाढला. बदल्यात 30 वर्षांचा करार. राज्याच्या वाट्यातले 41 कोटी 80 लाख कुठून आले, माहीत आहे? सेनेका या मूळनिवासी समाजाच्या कॅसिनोंकडून कोर्टकचेरीनंतर वसूल झालेल्या थकबाकीतून. सेनेकांनी त्यावर जाहीर नाराजी दाखवली. हा भाग चाहत्यांच्या जल्लोषात हरवून जातो, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आणि चाहत्याला काय मिळालं? टीम राहिली. पण नवं स्टेडियम जुन्यापेक्षा लहान, साधारण 62 हजारांचं. जुन्यात 71 हजारांहून जास्त बसायचे. शिवाय सीझन तिकीट घ्यायच्या आधी खुर्चीचा परवाना विकत घ्यायचा. तिकीट वेगळं! परवाना 500 डॉलरपासून थेट 50 हजारांपर्यंत. पंचवीस-तीस वर्षं बर्फात उभं राहून ओरडणाऱ्या माणसाने टीम गावात ठेवली, आणि आता सामना घरी टीव्हीवर बघायचा. टोरंटोला गेली असती तरी टीव्हीवरच बघितला असता ना?

मला विचाराल तर बफलोने ठीकच केलं, पण महाग केलं.

याला कायमचा तोडगा काढलेलं एकच गाव आहे, ग्रीन बे. लोकसंख्या साधारण सातारा शहराएवढी, पॅकर्स टीम लोकांच्या मालकीची, पाच लाखांहून जास्त भागधारक. लाभांश शून्य, शेअर नफ्याने विकायची सोय नाही. टीम विकली तर पैसा धर्मादाय संस्थेला, म्हणून विकण्यात कोणालाच रस नाही. झकास ना? लीगने हा प्रकार बाकी सगळ्यांना बंद केला आहे.

आता म्हणाल, अमेरिकेचं कौतुक पुरे, आपलं काय. आपलं असं की 2014 ते 2019 पुण्यात आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची टीम होती, मेस्सीवाल्या फुटबॉलची. एफसी पुणे सिटी. बालेवाडीला सामने, भगव्या शर्टांची ऑरेंज आर्मी. 2017-18 मध्ये उपांत्य फेरी गाठली. 2019 च्या ऑगस्टमध्ये आर्थिक अडचणींमुळे क्लब बंद झाला आणि लीगमधली जागा हैदराबादला गेली. त्याच महिन्यात दिल्लीची टीम ओडिशाला गेली. ना दंडाचं कलम, ना सहा महिन्यांची चर्चा, ना गाण्यांवर बहिष्कार. पुणेकरांना घाबरायलासुद्धा वेळ मिळाला नाही. हैदराबाद 2022 मध्ये गोव्यातल्या फातोर्ड्याला लीग जिंकलं. आणि 2025 मध्ये तीही टीम नवं नाव घेऊन दिल्लीला गेली. भाड्याचं घर बदलताना लोक याहून जास्त विचार करतात.

जाता जाता बाल्टिमोर. मार्च 1984, रात्रीची वेळ, बर्फ पडतोय. कोल्ट्स टीमच्या कार्यालयासमोर मेफ्लॉवर कंपनीचे ट्रक लागले, सामान भरलं आणि सकाळ व्हायच्या आत टीम इंडियानापोलिसच्या रस्त्याला. राहिला तो टीमचा बँड. त्यांचे गणवेश नेमके धुवायला गेले होते, ते बँडवाल्यांनी ताब्यात घेतले आणि लपवून ठेवले. मग बारा वर्षं टीमशिवाय वाजवत राहिले. मिरवणुकांत, दुसऱ्यांच्या सामन्यांत, नवं स्टेडियम मागायला विधिमंडळाच्या दारात. 1996 मध्ये बाल्टिमोरला पुन्हा टीम मिळाली. आज तो बँड तिच्यासाठी वाजवतो.

ती टीम कुठून आली म्हणता? क्लीव्हलँडची उचलून आणली.