कोळशाच्या पट्ट्यांतील पुरातन दलदल

पुणे ज्या काळ्या पाषाणावर वसले आहे, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा असून त्यात दगडी कोळसा सापडत नाही. येथील भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत आपल्यासमोर ठेवलेला हा तुकडा चंद्रपूरजवळच्या वर्धा खोऱ्यातला, म्हणजे सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या पर्मियन काळातला आहे.

तुकडा दिव्याखाली तिरका धरला की त्यात आडवे पट्टे दिसू लागतात; काही चकचकीत, काही निस्तेज. ब्रिटिश शास्त्रज्ञ मेरी स्टोप्स यांनी १९१९ मध्ये या पट्ट्यांना दिलेली विट्रेन, क्लॅरेन, ड्युरेन आणि फ्युसेन ही नावे आजही रूढ आहेत. चकचकीत विट्रेन मुख्यतः लाकूड आणि साल यांपासून बनते. झाड कोसळून लगेच पाण्याखाली गाडले गेले आणि प्राणवायूअभावी ते पुरते कुजले नाही, तरच असा पट्टा तयार होतो. पाणी ओसरून पीट, म्हणजे दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, पुढे कोळसा होणारा थर, उघडे पडले की लाकूड झिजते आणि बीजाणू, पानांवरचे मेणचट आवरण असे चिवट अवशेष मागे उरतात. निळ्या प्रकाशाखाली ते सूक्ष्मदर्शकात पिवळे उजळतात.

फ्युसेनचा हा पातळ पट्टा मात्र अधिक जवळून पाहायला हवा. बोट फिरवताच काजळी लागते, कडेला रेशमी तंतू दिसतात आणि घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागावर लाकडाच्या पेशींच्या भिंती जशाच्या तशा उभ्या असलेल्या आढळतात. हा बहुतांशी वणव्यातला लोणारी कोळसाच आहे. याचा अर्थ, त्या पाणथळ रानातही अधूनमधून आग पेटण्याइतका कोरडेपणा येत असे, आणि मला या तुकड्यातली ही सर्वांत मोलाची नोंद वाटते.

कोळशाच्या मधोमध येणारा करडा मातीचा पट्टा नदीच्या पुराचा आहे. गढूळ पाणी दलदलीत शिरले, गाळ साचला आणि पीट तयार होणे काही काळ थांबले. भारतीय कोळशात राख जास्त असण्याचे एक मोठे कारण हाच बारीक गाळ आहे. गंधकाचे प्रमाण मात्र सहसा कमी असते, कारण या दलदली मुख्यतः गोड्या पाण्याच्या होत्या. समुद्राचे पाणी शिरलेल्या पीटमध्ये गंधक वाढते.

हे पीट जागेवरच वाढलेल्या झाडांचे, की प्रवाहाने वाहून आणलेल्या काडीकचऱ्याचे, हा गोंडवन, म्हणजे भारत ज्याचा भाग होता त्या प्राचीन महाखंडातल्या, कोळशाविषयीचा जुना वाद आहे. थराखालच्या मातीत ग्लॉसोप्टेरिस या त्या काळच्या, आता नामशेष झालेल्या झाडांची, आत हवेचे कप्पे असलेली मुळे उभी सापडली, तर तेथे झाडे जागेवरच वाढत होती असे म्हणता येते. नुसत्या गाळमिश्रित, तुटक्या अवशेषांवरून तसे म्हणता येत नाही. एकाच थरात दोन्ही प्रकारचे पुरावे मिळू शकतात, म्हणून नमुना तळापासून माथ्यापर्यंत सलग, मातीचे पट्टे न वगळता घ्यावा लागतो.