खिळा एका फेरीत आत जात नाही

नमस्कार. बोलायला लागण्याआधी ही वस्तू पुढच्या रांगेतून मागे पाठवते. निर्धास्त हातात घ्या, टोकं घासून बोथट केली आहेत. सायकलच्या चाकाची मोडकी तार आहे ती. मधला भाग टायरच्या पाठीवर बसेल असा गोल वाकवलाय, दोन्ही टोकांना अडकवायला कड्या केल्यात. घरी पक्कड घेऊन दहा मिनिटांत मी ती केली. सव्वाशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये अशीच वस्तू सायकलींवर आणि काही मोटारींवर लावत. कुठे तार असे, कुठे चार-सहा कड्यांची बारीक साखळी. तिचं फ्रेंच नाव ‘आराश-क्लू’. क्लू म्हणजे खिळा, आराश म्हणजे उपटणारं. आपण तिला खिळेउपटी म्हणू. एवढ्याशा तारेवर बोलायचं म्हणून मी आज आले आहे, कारण तिच्यामागे जो विचार आहे तो मला फार आवडतो.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचं टायर केलं आणि 1888 साली त्याचं पेटंट घेतलं. हवेच्या टायरची कल्पना त्याच्याही आधीची आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी 1845 सालीच घोडागाडीसाठी पेटंट घेतलं होतं. रबर चढवलेल्या कापडाची नळी आणि तिच्यावर चामड्याचं आवरण, अशी त्यांची रचना. म्हणजे हवेच्या टायरबरोबर त्याचं चिलखतही जन्माला आलं होतं. पण थॉमसन यांचं काम विसरलं गेलं आणि डनलॉप यांचं टायर रस्त्यावर आलं.

हे टायर ज्या रस्त्यावर आलं तो घोड्यांचा रस्ता होता. एका नालेला सहा ते आठ खिळे. चार पायांचे धरा. नाल सैल झाली की खिळे गळतात, आणि शहरात असे हजारो घोडे दिवसभर चालताहेत. त्यात जाड बुटांच्या तळाला ठोकलेले खिळे वेगळेच. भरीव रबराच्या चाकाला या कशाचं सोयरसुतक नव्हतं. हवेच्या चाकाला मात्र एक खिळा पुरे. आणि पंक्चर झालं की काय व्हायचं? सुरुवातीची टायरं रिमला चिकटवलेली असत. फ्रान्समधल्या क्लेर्मों-फेराँला मिशलॅं बंधूंच्या, म्हणजे आजच्या मिशेलिन टायरवाल्यांच्या, कारखान्यात 1889 साली एक सायकलस्वार असंच डनलॉपचं टायर दुरुस्तीला घेऊन आला. ते सोडवायला काही तास लागले आणि डिंक वाळायला अख्खी रात्र. मिशलॅंनी त्यावरून धडा घेतला आणि 1891 साली सहज निघणारं टायर आणलं. पुढच्या वर्षी पॅरिस ते क्लेर्मों-फेराँ शर्यत भरवून त्यांनी वाटेत मुद्दाम खिळे टाकायला लावले. पंक्चर झालं तरी बिघडत नाही, हे त्यांना सगळ्यांसमोर सिद्ध करायचं होतं.

मिशलॅंनी पंक्चरनंतरचा त्रास कमी केला. खिळेउपटी पंक्चरच्या आधी येते, आणि मला सांगायचंय ते इथेच आहे.

आपल्याला वाटतं, चाक खिळ्यावर गेलं की फुस्स. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तसं होत नाही. रस्त्यावर खिळा आडवा पडलेला असतो. पुढचं चाक त्याच्यावरून जातं, त्याला उडवतं, उभा करतं, आणि तो मागच्या चाकाला लागतो. पंक्चर काढणाऱ्या कुणालाही विचारा, मागचंच चाक जास्त येतं. तिथे भारही जास्त असतो. पण त्या पहिल्या दाबात खिळ्याचं टोक जेमतेम रबरात रुततं, डोकं बाहेरच राहतं. खिळा टायरला चिकटून मागच्या बाजूने वर चढतो, वरून पुढे येतो आणि पुन्हा जमिनीवर आपटतो. रस्ता हातोडीसारखा त्याच्या डोक्यावर बसतो. अठ्ठावीस इंची सायकलचं चाक एका फेरीत साधारण 2.2 मीटर जातं. म्हणजे शंभर मीटरमध्ये 45 वेळा हातोडी. त्यातल्या कुठल्यातरी ठोक्याला तो ट्यूबपर्यंत पोचतो.

आता तार कुठे आहे ते बघा. मागच्या मडगार्डाच्या आत, टायरच्या पाठीवर अलगद टेकलेली. खिळा रुतून वर आला की अर्धी फेरीही पूर्ण व्हायच्या आत त्याचं डोकं तारेला अडतं आणि तो उपटून बाहेर पडतो. ताशी वीस किलोमीटरच्या वेगाला एक फेरी जेमतेम 0.4 सेकंदाची. तारेला निम्माच वेळ मिळतो आणि तेवढा पुरतो. ज्याने हे पहिल्यांदा केलं त्याने खिळा अडवायचा नाद सोडला. त्याने खिळ्याचा प्रवास नीट पाहिला आणि दुसऱ्या ठोक्याच्या आधीची जागा पकडली.

आमच्या गल्लीतले पंक्चरवाले काका हीच गोष्ट बोटांनी करायचे. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबून बुडबुडे बघितले, भोक सापडलं, कानशीने घासून सोल्युशन लावलं, पॅच बसला. तरी ट्यूब परत घालायच्या आधी ते टायरच्या आतून चार बोटं हळूहळू संपूर्ण गोल फिरवायचे. अर्धा टिकलेला बाभळीचा काटा तिथे लपलेला असायचा. तो चिमटीत धरून माझ्या तळहातावर ठेवायचे. सराट्यांच्या रस्त्यावरून आल्यावर मीसुद्धा सायकल उभी करून हातमोजा टायरवरून फिरवते. काही सराटे नुसते चिकटलेले असतात, आत गेलेले नसतात. तेवढे वाचतात.

खिळेउपटी सगळ्यावर उपाय नव्हती, हेही सांगायला हवं. उभा राहून सरळ आत घुसलेला, डोकं नसलेला खिळा तिला दाद देत नाही. चिखलात ती भरून जाते. टायरवर खोल नक्षी आली तशी ती नक्षीत अडखळू लागली.

मोटारवाल्यांनी दुसरा मार्ग धरला, चिलखताचा. चामड्याचा पट्टा टायरवर चढवायचा आणि त्यात पोलादी रिव्हेट ठोकायचे. मिशलॅंनीही 1905 साली असं पोलादी रिव्हेटांचं चामड्याच्या तळाचं टायर काढलं. ओल्या फरसबंद रस्त्यावर ते घसरत नसे आणि खिळ्यालाही आवरत असे. पण वेग वाढला की चामडं तापायचं. अमेरिकेत हॅरी वीड यांनी 1904 साली टायरवर गुंडाळायच्या साखळ्यांचं पेटंट घेतलं. त्या चिखलात आणि बर्फात पकड मिळावी म्हणून होत्या, त्यामुळे त्यांच्यावर आज फार बोलत नाही.

त्याच 1904 सालची एक गोष्ट मात्र आपल्या तोंडात रोज आहे. तेव्हा मोटारीचं चाक सहज काढता येत नसे, रस्त्यात बसून टायर उचकटावं लागे. वेल्समधल्या लनेथ्ली गावात लोखंडी सामानाचं दुकान चालवणाऱ्या डेव्हिस बंधूंनी आरे नसलेली, हवा भरलेलं टायर चढवलेली एक जादा रिम केली. पंक्चर झालेल्या चाकाला ती बाहेरून चापांनी आवळायची आणि निघायचं. कंपनीला नाव दिलं तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवरून. ती वस्तू केव्हाच संपली. पण आपला ड्रायव्हर आजही विचारतो, ‘स्टेपनीत हवा आहे ना?’

घोडे रस्त्यावरून नाहीसे झाले, टायरं जाड झाली, आणि खिळेउपटी मागे पडली. चिकटवलेली पातळ टायरं वापरणारे शर्यतीचे सायकलस्वार तेवढे ती पुढेही बरीच वर्षं लावत राहिले. त्यांचं पंक्चर काढायचं म्हणजे टायरची शिवण उसवून पुन्हा शिवणं आलं.

माझी सायकल बाहेर जिन्याजवळ उभी आहे. तिच्या मागच्या चाकाला अशीच दुसरी तार लावली आहे. जाताना चाक उचलून फिरवा. तार टायरवर घासल्याचा बारीक सरसर आवाज येईल. टायरवर मी एक सराटा हलकेच दाबून ठेवला आहे. आवाज कुठे तुटतो, त्याकडे कान द्या.