पंख वाढवायचे, पण कुठल्या बाजूला?

[दृश्य: टेबलावर 40 सेंटिमीटर लांबीचं मॉडेल रॉकेट. शेपटाला अजून पंख नाहीत.]

हे रॉकेट असंच उडवलं, तर लाँच रॉड, म्हणजे सुरुवातीला सरळ धरणारी उभी सळई, सोडल्यावर ते हवेत कोलांट्या खाईल. मोटर कितीही जोरदार असो, नाक पुढे ठेवण्याचं काम तिचं नाही. ते पंखांचं, म्हणजे फिन्सचं.

[दृश्य: पट्टीच्या कडेवर तोललेलं रॉकेट.]

मोटर, पॅराशूट सगळं आत भरलं आणि रॉकेट असं पट्टीवर तोललं, की गुरुत्वकेंद्र सापडतं. हवेत रॉकेट वळतं ते याच बिंदूभोवती. दुसरा बिंदू दाबकेंद्र, म्हणजे रॉकेट किंचित तिरकं झालं की बाजूने बसणारा हवेचा जोर जिथे एकवटतो ती जागा. हा जोर गुरुत्वकेंद्राच्या मागे लागला, तर शेपूट पुन्हा रांगेत येतं. पुढे लागला, तर तिरकेपणा वाढतच जातो. म्हणून दाबकेंद्र गुरुत्वकेंद्राच्या निदान नळीच्या, म्हणजे रॉकेटच्या धडाच्या, एका व्यासाइतकं मागे हवं. इंधन जळेल तसं शेपूट हलकं होतं आणि गुरुत्वकेंद्र पुढे सरकतं. त्यामुळे मोजायचं ते उड्डाणापूर्वी, भरलेल्या मोटरसकट. रिकामं रॉकेट तोलून मिळालेला आकडा फसवा.

दाबकेंद्र काढायची सोपी रीत नासातले अभियंते जेम्स बॅरोमन यांनी 1960च्या दशकात हौशी मंडळींच्या हाती दिली. आज संगणकावर हे गणित क्षणात होतं. तरी एकदा कागदावर करून बघावं, कारण त्यात एक गंमत लपलेली आहे.

[दृश्य: कागदावर रॉकेटची आकृती. नाकाच्या टोकापासून मापं लिहिली जातात.]

नळीचा व्यास 25 मिलिमीटर. नाक 80 मिलिमीटर, निमुळतं गोलसर. शेपटाशी तीन चौकोनी पंख: नळीला चिकटलेली कड 50 मिलिमीटर, बाहेर आलेला भाग 25. दाबकेंद्र येतं नाकाच्या टोकापासून 294 मिलिमीटरवर. गुरुत्वकेंद्र 265वर आहे असं धरू. अंतर 29, म्हणजे एका व्यासाहून थोडं जास्त. चालेल, पण हात राखूनच.

आता पंखाचं क्षेत्रफळ दुप्पट करू. एकदा बाहेरच्या बाजूला: 25चे 50. दाबकेंद्र थेट 337वर जातं. तेवढंच क्षेत्रफळ दुसऱ्यांदा नळीच्या लांबीने, नाकाकडे वाढवू: 50ची कड 100 करू. पंखाचा जोर जेमतेम चार टक्के वाढतो, आणि पंखाचा मध्य पुढे सरकल्यामुळे दाबकेंद्र उलट 267वर येतं. गुरुत्वकेंद्राच्या मागे फक्त 2 मिलिमीटर! वाढलेल्या पंखांचं वजन गुरुत्वकेंद्राला मागे खेचेल ते वेगळंच. दिसायला पंख दुप्पट, रॉकेट मात्र बेभरवशाचं. नळीला समांतर लांबच लांब पट्ट्या लावलेली रॉकेटं चित्रात झकास दिसतात. माझ्या मते ती चित्रातच बरी.

म्हणून बाहेर कितीही वाढवावं असंही नाही. 337चा आकडा जवळजवळ तीन व्यासांचं अंतर देतो. अशा रॉकेटला वारा लागला की ते वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या वातकुक्कुटासारखं नाक वाऱ्याकडे वळवतं आणि उंची सोडून आडवं पळतं. शिवाय लांब, पातळ पंख वेगात फडफडतात, उतरताना मोडतात. दीड ते दोन व्यासांचं अंतर ठेवावं. चौथा पंख लावला तर पंखांचा जोर एक तृतीयांशाने वाढतो, पण वजन आणि हवेचा अडथळाही वाढतो. बहुतेक रॉकेटांना तीन पुरतात.

[दृश्य: नळीभोवती गुंडाळलेली कागदाची पट्टी.]

जागा आखायला ही पट्टी पुरे. नळीभोवती एक वेढा, टोक जिथे भेटतं तिथे खूण, मग पट्टी उलगडून त्या लांबीचे तीन समान भाग. खुणा नळीवर उतरवायच्या आणि लोखंडी अँगलच्या खाचेत नळी टेकवून सरळ रेघा ओढायच्या. पंख रेघेवर किंचित जरी तिरका बसला, तर रॉकेट भिंगरी होऊन वर जातं आणि उंची गमावतं.

बाल्सा कापताना लाकडाच्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर हव्यात. नळीला समांतर ठेवल्या, तर पंख मुळाशी सहज चिरतो. पुढची कड घासून गोल, मागची निमुळती. चिकटवताना गोंदाची पातळ रेघ, पंख हाताने मिनिटभर धरून ठेवायचा, आणि तो पक्का बसला की सांध्याच्या दोन्ही बाजूंना बोटाने गोंदाची गोलाई फिरवायची. गोंद पूर्ण सुकेपर्यंत रॉकेट उभं ठेवायचं, नाहीतर ओघळ एकाच बाजूला जमतो.

रंग देऊन झाला की रॉकेट पुन्हा भरून पट्टीवर तोलायचं. रंग आणि गोंद शेपटाचं वजन बरंच वाढवतात. अंतर एका व्यासाच्या खाली गेलं असेल, तर पंख उपटायची गरज नाही. नाकाच्या अगदी टोकाशी थोडी क्ले भरायची आणि ती आत घट्ट चिकटवायची.