गारगोटीखालचं हिरवं

हा दगड बघा. साधी दुधी गारगोटी, मुठीत मावेल एवढी, अर्धी मातीत रुतलेली. नजर जाईल तिथपर्यंत गवताची काडी नाही, झुडूप नाही, नुसती तापलेली जमीन. आता हा दगड अलगद उचलूया. दिसलं? जिथपर्यंत तो मातीत होता, बरोब्बर तिथून खाली हिरवा पट्टा आहे, आणि त्याला मातीचे कण असे चिकटलेत की झटकले तरी पडत नाहीत. हे शेवाळ वाटतं, पण हे आहेत सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उजेडावर जगणारे जिवाणू, आणि त्यांच्यासोबत राहणारे बाकीचे जिवाणू, सगळे मिळून एक अख्खी वस्ती. शास्त्रज्ञ यांना हायपोलिथ म्हणतात, म्हणजे दगडाखाली राहणारे.

आता तुम्ही म्हणाल, उन्हापासून लपायचंय तर खोल मातीत का नाही गेले? कारण यांना उजेड सोडता येत नाही, त्यावरच तर पोट आहे, झाडांसारखंच. गारगोटी अर्धपारदर्शक असते, वरचं रणरणतं ऊन आणि अतिनील किरण ती बरेचसे अडवते आणि खाली पोचतो तो अगदी मंद उजेड, आणि यांना तेवढा पुरतो. शिवाय दव पडलं, धुकं आलं किंवा चुकून पाऊस झाला की पाणी दगडावरून ओघळत कडेने खाली उतरतं आणि आजूबाजूची माती वाळून गेली तरी दगडाखाली ओल टिकते. नामिबच्या वाळवंटात तर समुद्रावरून येणारं धुकंच यांचं पाणी.

पण खरी कमाल बघायची तर चिलीतल्या आटाकामा वाळवंटात. तिथला एक अभ्यास 2006 मध्ये आला. जिथे वर्षाला साधारण 21 मिलिमीटर पाऊस पडतो तिथे 100 पैकी 28 दगडांखाली हिरवं सापडलं, आणि जिथे 2 मिलिमीटरही धड पडत नाही त्या युंगाय भागात हजारात एखादा मिळणंही मुश्कील. त्या कोरड्या भागात प्रकाशसंश्लेषण करता येईल इतकी ओल वर्षभरात मिळते जास्तीत जास्त 75 तास. म्हणजे जेमतेम तीन दिवस हो! बाकी सगळं वर्ष हे जीव वाळून, गपगार पडून असतात, आणि ओल आली की परत कामाला लागतात, तुटलेला डीएनए दुरुस्त करतात. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा कितीतरी वेळ तोच डोक्यात फिरत होता.

यातला सगळ्यात चिवट क्रोओकॉक्सिडिऑप्सिस, नाव जड आहे पण लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण नेगेव्ह वाळवंटातला याचाच एक प्रकार वाळवून अंतराळ स्थानकाच्या बाहेर ठेवला होता आणि परत आणून पाणी दिल्यावर त्यातल्या काही पेशी वाढल्या.

कॅनडाच्या उत्तरेकडे कॉर्नवॉलिस आणि डेव्हन बेटांवर तर उजेड आरपार जातच नाही अशा दगडांखालीही हे सापडले, कारण गोठण्या-वितळण्याने दगड हलतात आणि कडेच्या फटीतून उजेड आत जातो.

आपण उचललेला हा दगड आता ठेवून देऊ. हिरवी बाजू खालीच हवी, उलटा राहिला तर थेट उन्हात हा थर टिकणार नाही आणि तो परत यायला किती काळ लागेल सांगता येत नाही. त्याचाच खळगा शोधायचा, हा इथे आहे, त्यात बसवायचा, आणि कडेने थोडी माती दाबायची. झालं, आता वरून परत नुसती पांढरी गारगोटी दिसतेय.