वार तुमचा, जखम त्याची

लेखी रोलप्लेमधली, म्हणजे प्रत्येकाने आपापल्या पात्राची कृती लिहून पुढे नेलेल्या खेळातली, बरीच भांडणं एका क्रियापदावरून सुरू होतात. "मी त्याचा हात छाटला." झालं! हात दुसऱ्याच्या पात्राचा, आणि त्याला विचारलंच नाही. याला गॉडमोडिंग म्हणतात.

1978 मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी पहिलं मड, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायचा मजकुरी संगणक-खेळ, लिहायला घेतलं, पुढे रिचर्ड बार्टल यांनी ते वाढवलं. तिथे कुणाला किती लागलं, हे संगणक ठरवायचा. 1989 च्या टायनीमड या मडमध्ये लढाईचा हिशेबच नव्हता. खेळाडूंनी एकमेकांना लिहून चालवलेल्या रोलप्लेमध्येही असा हिशेबनीस नसतो, म्हणून निकाल दोघांनी मिळून लावावा लागतो.

त्यासाठी प्रयत्न लिहायचा, परिणाम समोरच्यावर सोडायचा. मराठीत इथे एक खास अडचण आहे. गोष्ट सांगताना आपण सहज भूतकाळात शिरतो, आणि "छाटला", "पाडलं" म्हटलं की काम संपतंच. लढाईपुरता वर्तमानकाळ धरा: "उजवीकडून पुढे येत रघू समोरच्याच्या डाव्या खांद्यावर तलवारीचा तिरका वार टाकतो, रघूची उजवी बगल उघडी पडते." शस्त्र, दिशा, नेम आणि स्वतःची उघडी बाजू, एवढं आलं की समोरच्याला उत्तर देता येतं. नावंही पुन्हा पुन्हा लिहा. "तो सरकला आणि त्याने त्याच्या मनगटावर मारलं" यातले तीन 'तो' सोडवताना अर्धा तास जातो.

बचाव करणाऱ्यालाही बंधन आहे. वार चुकवा, अडवा किंवा खा. पण दर वेळी चुकवलंत तर तोही गॉडमोडच. चुकवण्याची किंमत द्यावी: पाय घसरला, ढाल गेली, मागे भिंत आली. सुरुवातीलाच ठरवून घ्या की पहिल्या जखमेने हालचाल मंदावेल, दुसरीने एक अवयव निकामी होईल, तिसरीने पात्र आडवं. मृत्यू मात्र खेळाडूच्या संमतीशिवाय नाही.

फासे वापरायचे तर कोणते, हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा. दोघं फासे टाकतात, मोठा आकडा जिंकतो आणि एकाला कौशल्याचे 3 जादा आहेत असं धरा. वीस बाजूंच्या एका फाशावर तो सुमारे 62 टक्के वेळा सरळ जिंकतो. सहा बाजूंचे दोन फासे घेतलेत तर तेच 3 त्याला 76 टक्क्यांवर नेतात, कारण दोन फाशांची बेरीज मधल्या आकड्यांभोवती गोळा होते. नवख्याला संधी हवी असेल तर वीसचा फासा घ्या.

तिघे एकावर तुटून पडले की त्याच्या पाळीआधी तीन वार येतात. एका फेरीत एका पात्रावर दोनच वार, आणि प्रत्येक वारानंतर त्याला छोटं उत्तर, एवढ्यावर बरंच निभावतं. पाठीमागून हल्ला असेल तर वाचणाऱ्याला कळतं, पात्राला नाही. तेव्हा वाळल्या पानांचा आवाज वगैरे एखादी खूण मजकुरात ठेवा. ती नसताना पात्र गर्रकन वळलं, तर ते मेटागेमिंग, म्हणजे खेळाडूला माहीत असलेलं पात्राने वापरणं.

वाद झालाच तर दोघांना मान्य असलेल्या शेवटच्या पोस्टपर्यंत मागे जा. पंच नेमला असेल तर त्याने तिथवर लिहिलेलंच वाचायचं. "आत चिलखत होतं" हे वार आल्यावर आठवलं, तर ते नव्हतं.