१६२ शिपाई कुठे उभे राहिले?

पॅसिफिकमधल्या हवाई बेटांचं स्वतंत्र राज्य १७ जानेवारी १८९३ रोजी गेलं. लढाई झालीच नाही. त्या दिवशी गोळी लागली ती एका पोलिसाला, खांद्यात. मग राज्य गेलं कसं? ते समजून घ्यायला राजधानी होनोलुलूचा नकाशा बघावा लागतो.

पण आधी थोडी साखर. १८७५च्या करारामुळे हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात जाऊ लागली आणि गोरे मळेवाले गबर झाले. त्यांतले बरेच जण मिशनऱ्यांची मुलं-नातवंडं. याच वर्तुळातल्या लोकांनी १८८७ मध्ये बंदुकीच्या धाकानं राजा कालाकाउआची, त्याचेच अधिकार छाटणाऱ्या नव्या घटनेवर सही घेतली. (हा राजा १८८१च्या जगप्रवासात मुंबईलाही येऊन गेला होता.) पुढे १८९०च्या कायद्यानं अमेरिकेनं सगळ्यांच्याच कच्च्या साखरेची जकात उठवली, वर देशी साखरेला पौंडामागे दोन सेंट अनुदान दिलं. हवाईचे मळे अडचणीत आले. आता अमेरिकेत सामील होण्यात रोकडा फायदा होता. अर्थात सगळ्याच मळेवाल्यांना ते नको होतं असं नाही आणि हवं होतं असंही नाही. अमेरिकेचे कायदे लागू झाले तर करारावरचे मजूर हातचे जातील, ही धास्ती होतीच.

राणी लिलीउओकलानी १८९१ मध्ये गादीवर आली. १४ जानेवारी १८९३ला तिनं गादीचे अधिकार परत मिळवून देणारी नवी घटना आणू पाहिली, मंत्री कचरले, तिनं पाऊल मागे घेतलं. पण विलीनीकरणवाल्यांचा म्होरक्या लॉरिन थर्स्टन आणि त्याच्या १३ जणांच्या ‘सुरक्षा समिती’ला तेवढं निमित्त पुरलं.

१६ तारखेच्या संध्याकाळी अमेरिकेचे राजदूत जॉन स्टीव्हन्स यांच्या सांगण्यावरून ‘बॉस्टन’ युद्धनौकेवरचे १६२ सैनिक किनाऱ्यावर उतरले. कशासाठी, तर म्हणे अमेरिकनांच्या जीविताचं आणि मालमत्तेचं रक्षण करायला. त्यांनी मुक्काम ठोकला एरियन हॉलमध्ये. शेजारी सरकारी कचेरी, रस्त्यापलीकडे राजवाडा! अमेरिकेच्याच ॲडमिरल स्केरेट यांनी नंतर लेखी कळवलं की, नागरिकांच्या रक्षणासाठी ही जागा गैरसोयीची होती. नव्या सरकारला पाठबळ द्यायचं असेल तर मात्र उत्तम. मला याहून बोलका पुरावा दुसरा वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच कचेरीतून राजेशाही संपल्याचा जाहीरनामा वाचला गेला. राणीचे शिपाई आणि पोलीस अजून आपापल्या ठाण्यांत होते, तोवर स्टीव्हन्सनी नव्या सरकारला मान्यता देऊनही टाकली. राणीनं मात्र शरणागतीचा कागद फार हुशारीनं लिहिला: मी या बंडवाल्यांपुढे नव्हे, अमेरिकेच्या वरचढ बळापुढे झुकते, आणि तेही अमेरिकेचं सरकार आपल्या प्रतिनिधीची कृती रद्द करीपर्यंत. म्हणजे चेंडू थेट वॉशिंग्टनच्या अंगणात.

तो अर्धा खेळलाही गेला. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी, नव्या सरकारनं आधीच्या अध्यक्षांच्या काळात केलेला विलीनीकरणाचा करार सिनेटमधून मागे घेतला, खास प्रतिनिधी जेम्स ब्लाउंट यांच्याकडून चौकशी करवली आणि सैन्य उतरवणं हे युद्धाचंच कृत्य होतं, असं डिसेंबर १८९३ मध्ये काँग्रेसला कळवलं. पण राणीला गादी परत द्यायला बळ वापरायची त्यांची तयारी नव्हती. १८९७ मध्ये २१ हजारांवर हवाईवासीयांनी विलीनीकरणाविरुद्ध सह्या केल्या, तेव्हा सिनेटमध्ये करारासाठी दोन तृतीयांश मतं जमेनात. मग स्पेनशी युद्ध सुरू असताना, जुलै १८९८ मध्ये, साध्या बहुमताच्या संयुक्त ठरावानं बेटं घेतली गेली.

१९९३ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं रीतसर माफी मागितली. सुमारे १८ लाख एकर जमीन मूळ हवाईयनांच्या संमतीविना आणि मोबदल्याविना गेली, हेही त्यात कबूल केलंय. शेवटचं कलम मात्र सांगतं की, या ठरावानं अमेरिकेविरुद्धच्या कुठल्याही दाव्याचा निवाडा होत नाही.